नवा एमडी आला म्हणून ॲव्हरेज करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कंपनी दोन-तीन वर्षं तोट्यात आहे, शेअर वरच्या भावापासून पार आपटलाय, आणि आता बाहेरून एक नावाजलेला माणूस एमडी (व्यवस्थापकीय संचालक) म्हणून आणलाय. घोषणेच्या दिवशी भाव दहा-बारा टक्के उसळला. ग्रुपवर सगळे 'आता फक्त होल्ड करा' म्हणतात आणि शंका काढणाऱ्याला मंदीवाल्यांचा माणूस ठरवतात. तुमच्याकडे वरच्या भावाचा माल आहे. खाली अजून घेऊन ॲव्हरेज करावं (म्हणजे सरासरी खरेदीभाव खाली आणावा) का, आणि नवा माणूस खरंच चांगला आहे हे कधी कळतं?

आत्ता घेऊ नका. जुना माल ठेवायचा की काढायचा हेही नव्या माणसाच्या बायोडेटावरून ठरवू नका. तो कर्तबगार असेलही. पण अडचणीतली कंपनी तरते की बुडते हे ठरवणाऱ्या दोन गोष्टी बायोडेटात नसतात. ज्यांच्या पैशावर कंपनी रोज चालते ते लोक टिकून आहेत का, ही पहिली. नव्या माणसाच्या कामाचं फळ दिसेपर्यंत पुरेल एवढी रोकड आहे का, ही दुसरी. शेअरधारकांच्या निष्ठेचा यातल्या एकीशीही संबंध नसतो. तुम्ही बाजारातून घेतलेल्या शेअरचे पैसे विकणाऱ्याच्या खिशात जातात, कंपनीला त्यातला रुपयाही मिळत नाही. तेव्हा 'आपण साथ दिली पाहिजे' ही भाषा आधी बाजूला ठेवा.

घोषणेच्या दिवशी नव्या माणसाने काहीच केलेलं नसतं. बहुतेक वेळा तो रुजूही झालेला नसतो. भाव वाढतो तो जुना माणूस गेल्याच्या सुटकेने आणि शॉर्ट केलेल्यांनी, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने आधीच विकून ठेवलेल्यांनी, घाईने माल परत घेतल्याने. १४ जून २०११ ला अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानांच्या साखळीने ॲपलच्या दुकानांचे कर्तेधर्ते रॉन जॉन्सन यांचं नाव जाहीर केलं, शेअर एका दिवसात १७ टक्के चढला. ते कामाला लागले नोव्हेंबरात. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी कूपन आणि सेल बंद करून रोजचा एकच भाव ठेवला. कूपन कापून आणणारं नेहमीचं गिऱ्हाईक निघून गेलं. त्या आर्थिक वर्षात विक्री सुमारे १७.३ अब्ज डॉलरवरून १३ अब्जावर आली, तोटा ९८.५ कोटी डॉलर झाला, आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन बाहेर पडले. टाळ्या वॉल स्ट्रीटच्या होत्या, गल्ला मात्र कूपनवाल्या बायकांचा होता.

मुंबईच्याच येस बँकेचं उदाहरण जरा जवळून बघा, कारण त्यात प्रत्येक टप्प्यावर आकडे हाताशी होते.

बँकेचे तेव्हाचे एमडी राणा कपूर यांची मुदत रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०१९ च्या पुढे वाढवली नाही. २४ जानेवारीला डॉइश बँकेच्या भारतातल्या कारभाराचे प्रमुख रवनीत गिल यांचं नाव जाहीर झालं आणि शेअर आठेक टक्के वर बंद झाला. ते १ मार्चला रुजू झाले. मधल्या काळात, फेब्रुवारीत, बँकेने कळवलं की २०१७-१८ च्या थकीत कर्जांत रिझर्व्ह बँकेला काहीही तफावत (बँकेने दाखवलेली आणि रिझर्व्ह बँकेने मोजलेली रक्कम यांतला फरक) सापडलेली नाही. दुसऱ्या दिवशी शेअर तीसेक टक्के उसळला. आधीच्या दोन वर्षांची तफावत ४,१७७ कोटी आणि ६,३५५ कोटी होती, म्हणजे 'शून्य' ऐकून दिलासा वाटणं समजण्यासारखं होतं. पण गोपनीय अहवालातला सोयीचा तेवढा भाग उघड केल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने बँकेला फटकारलं, आणि पुढच्या वर्षाची तफावत आली ती ३,२७७ कोटींची.

२६ एप्रिल २०१९ ला गिल यांचा पहिला निकाल आला. बँकेच्या इतिहासातला पहिला तिमाही तोटा, १,५०७ कोटी. त्यात पुढे बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी २,१०० कोटींची वेगळी तरतूद होती. पुढच्या ट्रेडिंगच्या दिवशी शेअर जवळजवळ तीस टक्के कोसळला. माझ्या मते हा निकाल म्हणजे गिल यांनी केलेलं पहिलं योग्य काम होतं. नवा माणूस आल्या आल्या जुनी घाण बाहेर काढतो त्याला बाजारात किचन सिंकिंग म्हणतात, आणि ते व्हायलाच हवं. गंमत अशी, की काहीच केलं नव्हतं तेव्हा कौतुक झालं आणि योग्य ते केलं त्या दिवशी शिव्या पडल्या.

चूक पुढे दिसली. वर्षभरात बुडीत कर्जांचा भार कर्जांच्या सव्वा टक्क्यापर्यंतच राहील असा अंदाज तेव्हा दिला होता. हा अंदाज वहीत लिहून ठेवण्यासारखा होता, कारण तो मोजता येत होता. त्याच वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीत तोटा १८,५६४ कोटी निघाला.

आता निष्ठेकडे बघा. बँकेचे गिऱ्हाईक म्हणजे ठेवीदार. मार्च २०१९ अखेर ठेवी सुमारे २.२८ लाख कोटी, जूनअखेर २.२६, सप्टेंबरअखेर २.०९. एका तिमाहीत सात टक्क्यांहून जास्त ठेवी गेल्या. ३१ ऑक्टोबरला बँकेने परदेशी गुंतवणूकदाराकडून १२० कोटी डॉलरचा प्रस्ताव आल्याचं सांगितलं, शेअर एका दिवसात २४ टक्के चढला, आणि ठेवी घटल्याचा आकडा असलेला निकाल दुसऱ्याच दिवशी आला. ग्रुपवाले कोणता आकडा फिरवत होते ते सांगायला नको. तो प्रस्ताव पुढे मार्गी लागला नाही. १२ फेब्रुवारी २०२० ला बँकेने तिसऱ्या तिमाहीचा निकाल महिनाभर पुढे ढकलला. वर्षातल्या पहिल्या तीन तिमाह्यांचा निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत द्यायचा असतो. अडचणीतली कंपनी तो पुढे ढकलते तेव्हा बाकी काहीही वाचायची गरज उरत नाही, त्या दिवशी मिळेल त्या भावाला बाहेर पडायचं. ५ मार्चला निर्बंध आले, पैसे काढण्यावर ५०,००० रुपयांची मर्यादा लागली, संचालक मंडळ बाजूला झालं. निकाल आला तेव्हा कळलं की डिसेंबरअखेर ठेवी १.६६ लाख कोटींवर आल्या होत्या आणि मुख्य भांडवलाचं प्रमाण ०.६ टक्का उरलं होतं.

शेअरधारक शेवटपर्यंत निष्ठावान राहिले, ठेवीदार राहिले नाहीत, आणि बँक ठेवींवर चालते. वर, पुनर्रचनेच्या योजनेत १०० किंवा त्याहून जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकवून ठेवले गेले. खाली ॲव्हरेज करून ज्यांनी संख्या वाढवली होती त्यांना नंतरच्या उसळीत त्यातला बहुतेक माल विकताही आला नाही.

म्हणून पहिलं काम: तुमच्या कंपनीत पैसा आणणारा नेमका कोण ते एका ओळीत लिहा, आणि त्याची निष्ठा मोजणारा एकच आकडा निवडा. बँक असेल तर ठेवी आणि त्यातला चालू-बचत खात्यांचा वाटा. किरकोळ दुकानं असतील तर एक वर्षाहून जुन्या दुकानांची विक्रीवाढ. नवी दुकानं उघडून एकूण विक्री फुगवता येते, ही फुगत नाही. आयटी सेवा कंपनीत मोठ्या पाच-दहा ग्राहकांकडून येणारी रक्कम आणि कर्मचारी गळतीचं प्रमाण. वाहन कंपनीत वितरकांकडे पडून असलेला माल. कारखान्यातून गाडी निघाली की कंपनीच्या खात्यात विक्री दिसते, शोरूममधून गेली की नाही ते वेगळंच. बांधकाम किंवा भांडवली मालाच्या कंपनीत नव्या ऑर्डर आणि आगाऊ रक्कम. हा आकडा सलग दोन तिमाही घटत असेल तर एमडी कोण आहे हा प्रश्न दुय्यम आहे.

दुसरं काम घड्याळाचं. प्रत्येक धंद्यात निर्णय आणि परिणाम यांत ठरावीक अंतर असतं, आणि ते गाठेपर्यंतचे आकडे आधीच्या माणसाचे असतात. दुकानांत नव्या धोरणाचा परिणाम दोन-तीन तिमाहींत दिसतो. आयटी सेवांत वर्ष ते दीड वर्ष. बँकेत जुनी घाण बाहेर यायलाच चारेक तिमाही लागतात आणि नव्याने दिलेलं कर्ज चांगलं की वाईट हे त्यानंतर कळतं. गाडीचं नवं मॉडेल तीन-चार वर्षं, चिपचा नवा आराखडा किंवा उत्पादन प्रक्रिया चार-पाच वर्षं.

चिप बनवणाऱ्या अमेरिकेच्या इंटेलमध्ये हेच घड्याळ आडवं आलं. १३ जानेवारी २०२१ ला पॅट गेल्सिंगर प्रमुख म्हणून परत येणार हे जाहीर झालं तेव्हा शेअर सातेक टक्के वाढला. अठराव्या वर्षी इंटेलमध्ये लागलेला, ८०४८६ चिपचा मुख्य रचनाकार, कंपनीचा पहिला सीटीओ (मुख्य तंत्रज्ञान अधिकारी). हिशेबनीसांच्या जागी खरा इंजिनियर आला, म्हणून चाहते हरखले होते. निदानही बरोबर होतं. उत्पादन प्रक्रियेत तैवानची टीएसएमसी पुढे गेली होती, म्हणून चार वर्षांत पाच टप्पे गाठायचे आणि दुसऱ्यांच्या चिपाही बनवायच्या असं त्यांनी ठरवलं. रोकड काय सांगत होती? २०२२ मध्ये धंद्यातून सुमारे १५ अब्ज डॉलर आले आणि कारखान्यांवर सुमारे २५ अब्ज गेले. २०२३ मध्ये आवक साडेअकरा अब्ज, खर्च पुन्हा पंचवीसच्या वर. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिमाही लाभांश ३६.५ सेंटवरून १२.५ वर आणला. १ ऑगस्ट २०२४ ला तोही थांबवला, पंधरा टक्के नोकरकपात जाहीर केली, आणि दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के पडला. १ डिसेंबर २०२४ ला गेल्सिंगर गेले. ज्या १८ए प्रक्रियेवर त्यांनी सगळं लावलं होतं ती मोठ्या उत्पादनात यायच्या आत.

मार्च २०२५ मध्ये नवे प्रमुख म्हणून लिप-बू टॅन यांचं नाव जाहीर झालं, शेअर एका दिवसात पंधराएक टक्के वर. पुन्हा तेच. टॅन यांच्या काळात १८ए वरच्या चिपा बाजारात आल्या तर श्रेय कुणाचं? बरंचसं गेल्सिंगर यांचं. आणि ऑगस्ट २०२५ पासून इंटेलच्या भावात जी जान आली तिचं मोठं कारण भांडवल होतं: अमेरिकी सरकारने २०.४७ डॉलरने घेतलेला सुमारे दहा टक्के हिस्सा, सॉफ्टबँकेचे २ अब्ज, एनव्हिडियाचे ५ अब्ज. (त्याच महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेचे अध्यक्ष टॅन यांचा राजीनामा मागत होते.) टॅन यांचं स्वतःचं काम पाहायचं तर जुलै २०२५ चा निर्णय बघा: पुढच्या १४ए प्रक्रियेवर मोठा खर्च बाहेरचे ग्राहक पक्के झाल्यावरच, आणि जर्मनी-पोलंडचे प्रकल्प रद्द. हा निर्णय त्यांचा आहे आणि त्याचा निकाल यायला वर्षं लागतील.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०१४ मध्ये लिसा सू यांनी इंटेलची स्पर्धक एएमडी हाती घेतली तेव्हा शेअर तीन डॉलरच्या आसपास होता, २०१५ मध्ये तो दोनच्याही खाली गेला. एएमडीची रायझन चिप आली मार्च २०१७ मध्ये, तिच्यातल्या झेन रचनेचं काम सू प्रमुख होण्याआधीच सुरू झालं होतं. आधी सुरू झालेलं बरोबर काम पैशाअभावी बंद पडू दिलं नाही, हे त्यांचं पहिल्या दोन वर्षांतलं खरं कर्तृत्व. त्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही.

कधी कधी चाहते योग्य निर्णयालाच विरोध करतात, तेही बघण्यासारखं असतं. ऑगस्ट १९९७ मध्ये बॉस्टनला मॅकवर्ल्ड या ॲपलच्या चाहत्यांच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर घालणार असल्याचं सांगितलं, आणि पडद्यावर बिल गेट्स दिसताच सभागृहात हुर्यो झाली. ॲपलला त्या वर्षी एक अब्ज डॉलरहून जास्त तोटा होता. पैशाइतकंच ऑफिस हे सॉफ्टवेअर मॅकवर पुढची पाच वर्षं मिळत राहील हे आश्वासन मोलाचं होतं, नाहीतर गिऱ्हाईकच राहिलं नसतं. तेव्हा नव्या प्रमुखाच्या निर्णयावर चाहते चिडले, तर तो निर्णय दोनदा वाचा.

आता वहीत काय लिहायचं. पहिल्या निकालानंतरच्या कॉनकॉलची (कंपनीच्या गुंतवणूकदारांशी फोनवरच्या बोलण्याची) प्रत बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांत मिळते. तिच्यातून मोजता येणारी वाक्यं तेवढी उतरवा: किती, कधीपर्यंत. 'संस्कृती बदलू', 'ग्राहक केंद्रस्थानी' हे सोडून द्या. तीन-चारपेक्षा जास्त वाक्यं सहसा निघत नाहीत. एकही निघालं नाही तर तीच माहिती समजा. पुढच्या प्रत्येक तिमाहीत त्याच आकड्यांसमोर खरा आकडा भरायचा. कंपनीने मोजमापच बदललं, म्हणजे आधी निव्वळ नफ्याचं बोलत होते आणि आता 'समायोजित' नफ्याचं, तर लाल शाईने नोंद करा.

साफसफाईची तिमाही एकदाच असावी. पहिल्या दोन निकालांत मोठी तरतूद आली तर चालेल. तिसऱ्या-चौथ्याला पुन्हा 'एकवेळची' तरतूद आली, तर एक तर नव्या माणसाला घाण किती आहे ते कळलं नव्हतं किंवा कळूनही हप्त्याहप्त्याने सांगायचं ठरवलं होतं. दोन्ही वाईट.

सीएफओवर (मुख्य वित्त अधिकाऱ्यावर) लक्ष ठेवा. नव्या एमडीने सहा महिन्यांत आपला सीएफओ आणणं नेहमीचं आहे. पण आणलेला सीएफओ वर्षाच्या आत गेला, किंवा लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला, तर राजीनाम्याचं पत्र मुळातून वाचा. ते एक्स्चेंजला द्यावंच लागतं. 'वैयक्तिक कारण' असेल तर वार्षिक अहवालातल्या लेखापरीक्षकाच्या टिपा आणि संभाव्य देण्यांचं पान उघडा. प्रवर्तकांनी शेअर तारण ठेवलेत का, ते दर तिमाहीच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये दिसतं. क्रिसिल, इक्रा, केअर यांच्या पतमानांकनाच्या टिपणात येत्या वर्षाचे कर्जाचे हप्ते आणि हातातली रोकड बहुधा एकाच परिच्छेदात असते. शेअरबाजारातले लोक ते क्वचितच वाचतात, कर्ज देणारे आधी तेच वाचतात.

ॲव्हरेजचा हिशेब करू. तुमचे ३०० च्या भावाचे ५०० शेअर, म्हणजे दीड लाख. ६० ला अजून ५०० घेतले, ३०,००० गेले, सरासरी १८० झाली. कागदावर बरं दिसतं, पण ६० वरून १८० ला जायला भाव तिप्पट व्हायला हवा, आणि आता एकाच कंपनीत एकूण १ लाख ८० हजार घातलेले आहेत. प्रश्न असा विचारा: हातात एकही शेअर नसता, तर या ३०,००० रुपयांनी मी आज हीच कंपनी घेतली असती का?

'पूर्वी चारशे होता, परत जाईल' हे तर गुणाकार न केल्याचं लक्षण आहे. येस बँक २०१८ मध्ये ४०० च्या आसपास होती तेव्हा शेअर सुमारे २३० कोटी होते, म्हणजे बँकेची किंमत ९२,००० कोटींच्या घरात. मार्च २०२० मध्ये स्टेट बँक आणि इतरांनी १० रुपयांनी १०,००० कोटी घातले, त्याचे १,००० कोटी नवे शेअर झाले. जुलैत १२ रुपयांनी १५,००० कोटींचा एफपीओ (नव्या शेअरची लोकांना विक्री) आला, त्याचे १,२५० कोटी. पुढे आणखी वाढून संख्या ३,१३५ कोटींच्या आसपास गेली. आज ४०० चा भाव यायचा तर बँकेची किंमत साडेबारा लाख कोटी व्हावी लागेल. गिल यांच्यानंतर बँक हाती घेतलेल्या प्रशांत कुमार यांनी पुढची पाचेक वर्षं गाजावाजा न करता बँक सावरली, ४८,००० कोटींची अडकलेली कर्जं बाहेर काढली, २०२४-२५ मध्ये २,४०६ कोटी नफा दाखवला. जपानच्या एसएमबीसी या बँकेने २०२५ मध्ये हिस्सा घेतला तो २१.५० ने. कारभार सुधारला आणि तरी जुन्या शेअरधारकाचं नुकसान भरून आलं नाही. तुमच्या कंपनीला येत्या दोन वर्षांत किती भांडवल लागेल आणि ते आजच्या भावाने आलं तर शेअर किती वाढतील, एवढं एकदा कागदावर मांडा.

नवी खरेदी करायचीच असेल तर तीन अटी घाला. ग्राहकाच्या निष्ठेचा निवडलेला आकडा सलग दोन तिमाही घटायचा थांबलेला असावा. वहीतल्या आश्वासनांपैकी निम्मी तरी वेळेत पुरी झालेली असावीत. आणि लागणारं भांडवल कंपनीच्या खात्यात जमा झालेलं असावं. 'बोलणी अंतिम टप्प्यात' हे जमेत धरायचं नाही. तोवर भाव वीस-तीस टक्के वर गेलेला असेल, जाऊ दे. खरोखर सावरणाऱ्या कंपनीत त्यानंतरही बरंच मिळतं. जुना आणि नवा माल मिळून या एका कंपनीत एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांपुढे जाऊ नका.

विकायचं ठरलं, तर घोषणेनंतरची उसळी ही विकण्याची सोय समजा. निम्मा माल तेव्हा काढता येतो. तोटा फुकट जात नाही. एका वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, वर्षाहून जुन्याचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण त्यासाठी त्या वर्षीचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं.